तूरडाळ, लोणी आणि साडेचार पौंड

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही “चहा टाकतेस का?” म्हणून विषय बदलता. तीनदा करून पाहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता पळायला जागा नाही.

मागच्या रविवारी माझ्या एआर-१५ रायफलीचा पहिला सामना झाला. तुम्ही काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेला होतात, म्हणून निकाल इथेच सांगते: ५०० पैकी ४११. उभ्यानं झाडलेल्या दहातली एक गोळी शेजारच्या टार्गेटवर गेली. शेजारच्या आजोबांना स्वतःच्या कागदावर अकरा भोकं सापडली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून टोपी उचलली. पण रायफल एकदाही अडली नाही. घरच्या जेवणाच्या टेबलावर जोडलेली रायफल पन्नासच्या पन्नास गोळ्या गुमान चालली.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती, तेवढीच काय ती ओळख. ओहायोत आल्यावर बरीच वर्षं एच-वन-बीवर गेली, आणि त्या व्हिसावर बंदूक बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्यानं मनाईच आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. मंडळाच्या गणपतीत मखराची मोटर बंद पडली आणि ती दुरुस्त करायला टेबलाखाली शिरलेल्या माणसाला मी टॉर्च धरला. ते तुम्ही. किर्लोस्करवाडीला उमेदवारी, मग इथे टूलरूममध्ये तीस वर्षं, आणि रविवारी रेंज. टेबलाखालूनच म्हणालात, “एनसीसी केलीस? मग ये की एकदा.”

आणि भारतातल्या वाचकांना आधीच सांगून टाकते, हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हत्यार बनवणं हा गुन्हा आहे. इथेही “घरी बनवली” म्हणजे कोऱ्या लोखंडातून घडवली असं नाही. ज्या भागावर नंबर कोरलेला असतो तो खालचा सांगाडा, म्हणजे लोअर, कायद्याच्या लेखी तोच बंदूक. तो नवा घ्यायचा तर परवानाधारक दुकानदाराकडून, फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमी तपासली जायची. बाकीचे सुटे भाग मात्र कुरियरनं दारात येतात, पुस्तकं आल्यासारखे.

इथेच माझा घोळ सुरू झाला. मी महिनाभर रात्री जागून यादी केली होती. वजनाला हलकं म्हणून कार्बन फायबरचं हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीची पकड, आखूड बॅरल, लाल रंगाची बटणं, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, ट्रिगर. सगळे म्हणत होते ट्रिगर बदलला की नेमबाज बदलतो. ती यादी मी तुमच्यासमोर ठेवली, परीक्षेचा पेपर दाखवावा तशी. तुम्ही चष्मा लावलात, वाचलीत, घडी घालून मला परत दिलीत.

“हिच्यानं करायचं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. रेंजवर चालवायची, असं काहीतरी पुटपुटले. तुम्ही म्हणालात, काय करायचं ते कळलं की ये. राग आला होता, काका. आज लिहायला हरकत नाही. इतका अभ्यास केला आणि हे साधं बघतसुद्धा नाहीत, असं नवऱ्याला म्हणाले.

पण पुढच्या महिन्यात तुम्हीच फोन करून सामना बघायला नेलंत. सर्व्हिस रायफल, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलींचा सामना. माणसं जाड कॅनव्हासची जॅकेटं घालून, चामड्याचा पट्टा दंडाला आवळून बसलेली. उभ्यानं दहा, बसून साठ सेकंदांत दहा, मग पालथं पडून. खऱ्या सामन्यात २००, ३०० आणि ६०० यार्ड. आपल्या क्लबात शंभर यार्डांवरच, टार्गेटं त्या मानानं लहान केलेली. दुपारी परतताना गाडीत मी म्हणाले, “हे करायचंय.” तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, “आता काढ ती यादी.”

यादीतलं जवळजवळ काहीच उरलं नाही. सामन्याचे नियम समोर ठेवले की निम्मी निवड आपोआप होते, हे तेव्हा कळलं. बॅरल वीस इंचांपर्यंत चालते, तर वीसच घ्यायची. बॅरलच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात, त्यांच्या पिळाचा आकडा मी बघितलाच नव्हता. आठ इंचांत एक वेढा, कारण लांबच्या पल्ल्याला ७७ ग्रेनची जड, लांबुडकी गोळी लागते आणि सावकाश पिळाच्या बॅरलमध्ये ती नीट फिरत नाही, डगमगते. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पॉइंट टू-टू-थ्री वाइल्ड मापाची, म्हणजे .२२३ आणि ५.५६ दोन्ही काडतुसं चालतात. आणि ते हलकं हँडगार्ड! तुम्ही हसलात. या खेळात लोक मुद्दाम रायफलीत शिसं भरतात, दस्त्यात आणि पुढेही, कारण जड रायफल उभ्यानं कमी हलते. वजन कमी करायला मी दोनशे डॉलर मोजणार होते आणि नंतर शिसं घालून तेच वाढवणार होते.

वरचा अर्धा भाग तुम्ही तयारच घ्यायला लावलात, बॅरल बसवलेला. “पहिल्या खेपेला सगळंच स्वतः करायची हौस नको.” खालचा मात्र माझा मी जोडला, शेजारी तुम्ही. मधे एक चूक माझी. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणून मागेपुढे सरकणारा दस्ता घेतला, पण तो ज्या नळीवर बसतो ती दोन मापांत येते हे पाहिलं नाही. बसवला तर खुळखुळ्यासारखा हलायला लागला. तुम्ही व्हर्नियर काढलात. नळी १.१४८ इंच, दस्ता १.१६८ वाल्या नळीसाठीचा. “वीस थाऊ,” असं तुम्ही म्हणालात, एखाद्या दूरच्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. चूक माझी होती, तरी दस्ता परत पाठवायला पोस्टात तुम्हीच गेलात.

स्प्रिंगची गोष्ट सांगायलाच हवी. पुढच्या पिनेखाली केसाएवढी एक स्प्रिंग आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खिट्टीचा तुकडा बसतो. तुम्ही म्हणाला होतात की मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून बसव. मी म्हटलं, कशाला. टिंग. आम्ही दोघं, नवरा आणि मोबाइलचे तीन टॉर्च, पाऊण तास गालिच्यावर रांगत होतो. तुमचे गुडघे दुखत असताना. नवी स्प्रिंग मागवली, पिशवीत बसवली. हरवलेली जुनी दिवाळीच्या साफसफाईत व्हॅक्यूममध्ये खडखडली.

मुलीबद्दलही लिहिते, तुम्हाला ते ठाऊक आहे. ती इथल्या हायस्कुलात जाते. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं म्हणून तिच्या पिढीला वर्गात दार लावून, दिवे मालवून गप्प बसायचा सराव करून घेतात. एका रात्री जेवताना ती म्हणाली, आई, तू तीच रायफल घरात आणतेयस. मी तुमच्याकडून ऐकलेलं सांगितलं, की एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट हे कंपनीचं नाव, पन्नाशीच्या दशकात विमानं बनवणाऱ्या फेअरचाइल्डची ती शाखा, म्हणून ॲल्युमिनियमचा सांगाडा, यूजीन स्टोनरची रचना. ती म्हणाली, “नावानं काय फरक पडतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मंडळातल्या दोघीतिघी त्यानंतर जरा तुटक बोलू लागल्या. तुम्हाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं तुम्ही माझी बाजू घ्याल. तुम्ही विचारलंत, “तिजोरी घेतलीस?” अजून नव्हती घेतली. “मग लोअर आणायचा नाही.” लोअर तिजोरीनंतर दोन आठवड्यांनी आला. किल्ली कुठे असते ते मुलीला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही.

आता ट्रिगर. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे.

तुम्ही सांगितलं होतं, ट्रिगर शेवटी. तोवर लोअरबरोबर आलेला साधा वापरून बघ. तो साधा ट्रिगर सहा-सात पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा, आणि ओढताना वाळूत फावडं ओढल्यासारखा. तुम्ही रायफल रिकामी करून, करंगळी घालून चेंबर तपासून, नळीच्या टोकाशी चार आण्याचं नाणं ठेवायला लावायचात. बंद झालेलं, गुळगुळीत झालेलं नाणं. चाप ओढायचा आणि नाणं पडता कामा नये. माझं पडायचं. पन्नासदा पडलं असेल. मला वाटलं, दोष वाळूचा आहे. म्हणून तुम्हाला न विचारता मी एक डबीबंद, एकाच टप्प्याचा, साडेतीन पौंडांचा ट्रिगर मागवला. बसवायला पाच मिनिटं लागली. काच तुटावी तसा सुटायचा. नाणं पडेना. विजयी मुद्रेनं तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही दोनदा ओढून पाहिलात. “चांगला आहे,” म्हणालात. मग काकूंना हाक मारलीत, “अगं, चार पौंडवाली डाळ आहे का?”

मला वाटलं आमटीचं बोलताय. टेबलावर तूरडाळीची चार पौंडांची पिशवी आली, फ्रिजमधून लोण्याच्या दोन कांड्या आल्या, प्रत्येकी पाव पौंड. तुम्ही हँगरची तार वाकवून आकडा केलात, सगळं एका पिशवीत घालून पोस्टाच्या काट्यावर ठेवलंत. साडेचार पौंड म्हणजे २०४१ ग्रॅम. तारेचं आणि पिशव्यांचं वजन धरून थोडं जास्त भरलं, तर तुम्ही सुरीनं लोण्याची एक चकती उडवलीत. टूलरूमची सवय. मग रायफल पुन्हा तपासली, घोडा चढवला, नळी छताकडे केली आणि आकडा चापात अडकवून म्हणालात, “उचल हळू.”

मी उचलू लागले. डाळीची पिशवी ताणली, तिचा एक कोपरा टेबलावरून सुटला, दुसरा सुटायच्या आधीच टक्.

घोडा पडला होता. “कॅम्प पेरीच्या मोठ्या सामन्यांत असंच तोलतात,” तुम्ही म्हणालात. “वजन पूर्ण उचललं गेलं पाहिजे आणि घोडा जागेवर राहिला पाहिजे. साडेचारच्या खाली असेल तर रायफल बाहेर.” इतकंच. ‘सांगितलं होतं’ नाही, ‘पैसे वाया’ नाही. मी विचारलं, मग आधीच्या साध्या ट्रिगरलाच घासून गुळगुळीत करता येईल का? तेव्हा मात्र तुमचा आवाज बदलला. आयुष्य ग्राइंडरवर काढलेला माणूस म्हणाला, ट्रिगरला कानस लावायची नाही. वरची कडक केलेली साल पातळ असते, ती गेली की आतलं मऊ पोलाद झिजतं, आणि एक दिवस एका ओढीत दोन गोळ्या सुटतात.

मग तुम्ही तुमच्या रायफलीचा दोन टप्प्यांचा ट्रिगर माझ्या बोटाखाली दिलात. कितीतरी वाचलं होतं त्याबद्दल, कळलं तेव्हा. हापशाचा दांडा सुरुवातीला सैल जातो आणि मग पाणी धरलं की हाताला जड लागतो, तसं. अडीच पौंडांपर्यंत सरकतो, मग एक भिंत लागते. तिथे थांबता येतं. श्वास सोडता येतो, काळा गोल काट्यावर यायची वाट बघता येते, आणि उरलेले दोन पौंड कधी दिले ते आपल्यालाच कळत नाही. एकूण साडेचार, पण बोटाला दोनच वाटतात. तोच घेतला. डाळ उचलली गेली, घोडा हलला नाही. काकूंनी टाळी वाजवली.

नाणं मात्र पुन्हा पडायला लागलं. तुम्ही म्हणालात, आता तुझं पडतंय, वाळूचं नाही. रोज वीसदा, दोन महिने. थांबलं एकदाचं.

डबीबंद ट्रिगर मी विकला नाही, कपाटात आहे. डाळीच्या पिशवीला मात्र आकड्यानं भोक पडलं होतं. काकूंनी ती माझ्यासोबतच दिली आणि घरी येईपर्यंत अर्धी मूठ डिकीत सांडली. अजून खेळाची बॅग उचलली की चटईखालून एखादा दाणा निघतो.

जुलैत कॅम्प पेरीचं नाव नोंदवलंय. १९०७पासून तिथे सामने होतात, आपल्या घरापासून दोन तासांवर, ईरी तळ्याच्या काठाला. आणि तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही उतरला नाहीत; आधी ओव्हरटाइम, मग मुलांची कॉलेजं, मग गुडघे. तुम्ही दिलेला चामड्याचा पट्टा घेऊनच जाणार आहे. त्यावर तुमच्या दंडाच्या मापाचं भोक ताणून लांबट झालंय. माझं दोन घरं आत येतं, ते अजून गोल आहे.

सकाळी पाचला न्यायला येते. काकूंना पुढची सीट, तुम्ही मागे.

तुमची,
टॉर्च धरणारी