उलटा खिळा आणि जपानी ‘गेता’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यातील एका संस्थेची २५ वर्षांपूर्वीची स्मरणिका नुकतीच पुन्हा छापण्यात आली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणताना कोयनेकाठच्या दऱ्यांचा ‘दर्या’ झाला आणि समारंभातल्या आचाऱ्यांचे मानलेले आभार आचार्यांना पोहोचले. दोन्ही रूपे मराठीत शुद्ध असल्याने तपासणाऱ्याचे लक्ष गेले नाही. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. चूक दिसतच नव्हती, हेच खरे दुखणे आहे.

मी उमेदीच्या काळात छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईसाठी शिशाची अक्षरे (खिळे) जुळवणारा, होतो. एखादा खिळा कमी पडला, तर त्याच जाडीचा दुसरा खिळा आम्ही उलटा बसवीत असू. मुद्रितात तिथे काळा ठसा उमटे आणि जागा भरायची आहे हे कोणालाही कळे. जपानी छापखान्यांत हीच रीत होती. तिथे उलट्या खिळ्याच्या बुडाचा ठसा दोन जाड आडव्या पट्ट्यांसारखा येई, आणि तो ‘गेता’ या लाकडी पादत्राणाच्या दोन दातांसारखा दिसतो म्हणून त्या खुणेला गेता हेच नाव पडले.

विशेष असे की, खिळे गेले तरी ही खूण गेली नाही. १९७८ मध्ये जपानने संगणकासाठी ६३४९ चित्राक्षरांची प्रमाण यादी ठरविली, तेव्हा इतर चिन्हांच्या दुसऱ्या ओळीत चौदावे स्थान गेताला दिले. कारण व्यक्तिनामांतली कित्येक विरळ अक्षरे त्या यादीबाहेरच राहणार होती. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक षोडशमान पद्धतीने ३०१३, म्हणजे आपल्या मोजणीत १२३०७ आहे. संगणकाच्या लेखी ती ‘क’ किंवा ‘ख’ इतकीच पूर्ण खूण असल्याने फाइलमध्ये टिकते आणि शोध घेतला की सगळ्या रिकाम्या जागा एका दमात सापडतात.

फाँटमध्ये आकृती नसली की पडद्यावर दिसणारा पोकळ चौकोन ही निराळी गोष्ट आहे. त्याच्या मागे मूळ क्रमांक सुखरूप असतो आणि फाँट बदलला की अक्षर उमटते. गेता मात्र माणसाने जाणूनबुजून ठेवलेली असते.

आपल्याकडे ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१, अगदी शेजारी. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत फरक एवढाच. पुढचे हलन्ताचे चिन्ह आणि ‘य’ तेच. जुन्या फाँटमध्ये मात्र या आकृत्या ज्याने त्याने आपल्या सोयीच्या खणात ठेवलेल्या होत्या. त्यामुळे कोणत्या खणासाठी युनिकोडचे कोणते अक्षर हे सांगणाऱ्या रूपांतराच्या तक्त्यात एखादा खण नसला की जवळचे अक्षर खपवले जाते.

आपल्या वृत्तपत्राकडे आणि जिल्ह्यातील ग्रंथालयांकडेही जुन्या फाँटमधला मजकूर असेल. तो युनिकोडमध्ये आणताना, जिथे तक्ता अडेल तिथे अंदाजाचे अक्षर न घालता गेता ठेवावी, आणि फाइलमध्ये एकही गेता उरली नाही याची खात्री होईपर्यंत ती छपाईला पाठवू नये, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त जुळारी
शनिवार पेठ, सातारा