पेवेनच्या डोंगरातून

लोंकिमाय, दक्षिण चिली
१४ मार्च

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी चुलीपाशी बसून पिन्योन सोलत होतो आणि तुझी फार आठवण आली. पिन्योन म्हणजे इथल्या पेवेन नावाच्या झाडाचं बी. करंगळीएवढं लांब, तपकिरी सालीचं. उकडलं की चव थेट फणसाच्या आठळीची. बारावीच्या सुट्टीत मी तुमच्या वाड्याबरोबर, म्हणजे तुम्हा मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, महाडजवळ आठ दिवस राहिलो होतो, तेव्हा काकूंनी निखाऱ्यात भाजून दिलेल्या आठळ्या आठवतात? तीच चव इतक्या लांब, अँडीज पर्वतात जिभेवर आली.

मी इथे एका पेवेन्चे कुटुंबाच्या घरी उतरलोय. 'चे' म्हणजे माणसं. पेवेनची माणसं. एखाद्या जमातीनं स्वतःला झाडाचं नाव घ्यावं याचा अर्थ मला इथे येईपर्यंत नीट कळला नव्हता. हे झाड गव्हाच्या कणसासारखं वर्षात पिकत नाही. मादी झाडावरचा नारळाएवढा गोंडा पिकायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. नर झाड वेगळं, मादी वेगळी. त्यांच्या भाषेत मादीला 'दोमो पेवेन', म्हणजे बाई पेवेन, आणि नराला 'वेन्त्रु पेवेन', पुरुष पेवेन. नवं रोप लावलं तर त्याला बी धरायला तीसएक वर्षं जातात, पण काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. आपण जे खातोय ते आपल्या कुणीच लावलेलं नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

आता बी गळायचे दिवस आहेत. वारा सुटला की गोंडे उकलतात आणि एकेका गोंड्यातून शंभर-दोनशे बिया खाली येतात. उंचावर अडकलेले गोंडे लांब काठीनं पाडतात. मग सगळं घर, आजीपासून सहा वर्षांच्या नातवापर्यंत, गुडघ्यावर बसून वेचतं. कुठल्या कुटुंबानं कुठल्या झाडांखाली वेचायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे, कुठे कुंपण नाही. दोन दिवस मीही वेचलं. पहिल्या दिवशी आजीनं मला थांबवलं, झाडापाशी उभी राहून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि मगच पोतं हातात दिलं.

हे बी वर्षभर पुरवायची त्यांची पद्धत तुला आवडेल. काही उकडतात, काही भाजतात, काही दोऱ्यात ओवून चुलीवरच्या धुरात टांगतात. वाळवून पीठ करतात, आंबवून 'चावी' नावाचं पेय करतात. आणि काही पाण्याच्या खड्ड्यात पुरून ठेवतात, ते पुढच्या हंगामापर्यंत ताजंच राहतं. एखाद्या वर्षी झाडं भरभरून देतात, एखाद्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा साठा.

पण हे पत्र मी बियांसाठी लिहिलेलं नाही. यांची दोन घरं असतात, दत्ता. खाली दरीत हिवाळ्याचं घर, त्या जागेला 'इन्वेर्नादा' म्हणतात. वर पेवेनच्या जंगलात उन्हाळ्याची जागा, ती 'वेरानादा'. बर्फ वितळला की मेंढ्या, शेळ्या, गाई, घोडे घेऊन कुटुंब वर चढतं, गवत चारतं, शेवटी पिन्योन वेचतं आणि पहिल्या बर्फाआधी खाली उतरतं. तुझे आण्णा दिवाळीनंतर कळप घेऊन वरंधा घाट उतरायचे, तसंच. फक्त इथला उलट, थंडीपासून पळणारा प्रवास. आजीला मी तुमच्याबद्दल सांगितलं. शेतकरी खतासाठी स्वतःहून रानात मेंढरं बसवायला बोलावतात, हे तिनं मला दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

दोन घरांचा माणूस कागदावर कसा दिसतो हे तू जाणतोस. वर्षातले काही महिनेच माणूस राहतो ती जागा कागदाला रिकामी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चिली आणि अर्जेंटिना दोघांच्या फौजा या मुलखावर चालून आल्या. पूर्वी हे लोक मीठ आणि घोडे घेऊन खिंडीतून दोन्हीकडे व्यापार करायचे; १८८१ च्या करारानं त्याच डोंगरांवरून देशाची हद्द गेली. पुढे जंगलं दुसऱ्यांच्या नावावर चढली. इथून जवळच्या किन्केन खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना 'ही जमीन लाकूड कंपनीची' असं ऐकावं लागलं. पेवेनला १९७६ साली दिलेलं कायद्याचं संरक्षण १९८७ मध्ये काढून घेतलं, करवती आल्या. हे लोक लढले. १९९० मध्ये पेवेनची तोड पुन्हा बंद झाली आणि नंतर सरकारनं ती जमीन कंपनीकडून विकत घेतली. उभं पेवेन किती मोलाचं, हे सांगायला या लोकांना राजधानी सान्तियागोपर्यंत जावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

उत्तरेला आल्तो बीओबीओमध्ये मात्र पाणी जिंकलं. राल्को धरणाविरुद्ध बेर्ता आणि निकोलासा किन्त्रेमान या दोघी पेवेन्चे बहिणी वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. शेवटी करार करावाच लागला, २००४ मध्ये धरण सुरू झालं आणि पूर्वजांची दफनभूमीही पाण्याखाली गेली. काही कुटुंबांना जिथं नेऊन वसवलं ती एल बार्कोची जागा उंचावर, हिवाळ्यात बर्फानं कोंडणारी. उन्हाळ्यापुरतं चढायच्या उंचीवर बारा महिने राहा म्हणून सांगितलं, दत्ता. दोन घरांतलं खालचं घरच काढून घेतलं. २०१३ च्या डिसेंबरात निकोलासाबाईंचा मृतदेह त्याच धरणाच्या पाण्यात सापडला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

काल आजीनं 'माते' नावाच्या इथल्या चहासारख्या पेयाचा पेला माझ्या हातात देत विचारलं, "तुझ्या मित्राच्या माणसांची वाट अजून मोकळी आहे का? जिथून उतरतात, तिथूनच परत चढतात का?" मला उत्तर देता आलं नाही. आण्णा गेल्यापासून कळप कोण नेतं, घाटात तळ टाकायला जागा मिळते का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. दहा-बारा दिवसांत हे लोक खाली उतरतील, तोवर मी इथेच आहे. गावात फोनला रेंज आहे. लिहायला वेळ नसेल तर बोलून पाठव, मी तिला ऐकवीन. तिला मराठी कळणार नाही, पण मागे मेंढरांचा आवाज आला तर तो कळेल.

काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
विनायक