बेचकी, गोफण की आणखी काही?

खानापूर (जि. बेळगाव)

प्रिय सुरेश,

तुझ्या गोष्टीसाठी 'कॅटापल्ट' या इंग्रजी शब्दाला मराठीत एक शब्द सांग म्हणतोस. तसा एक शब्द नाही गा. आधी जोर कशाचा ते बघ, मग शब्द निवड.

रबराचा असेल तर बेचकी. फांदीला दोन फाटे फुटतात ते बेचकं, त्यावरून. गलोलही चालेल, पण तो फारसीतून आलेला शब्द मुळात मातीच्या गोळ्या मारायच्या धनुष्याचा. रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट गुडइयर या अमेरिकन संशोधकाला मिळालं १८४४ साली, तेव्हा तुझ्या गोष्टीतल्या शिवकाळच्या पोराला बेचकी देऊ नकोस. त्याला गोफण दे. दोन दोऱ्या, मधे विणलेली खोळ. एका दोरीचा फास बोटात, दुसरी चिमटीत. गरगर फिरवून चिमटीतली सोडायची. उशिरा सुटली की खोळीतला गोटा शेजाऱ्याच्या रानात. अथणीकडं शाळू राखताना कन्नडात हिलाच कवणे म्हणतात.

बेचकी करण्याचं वर्णन हवंय ना? पेरूचं किंवा चिंचेचं बेचकं, दोन्ही फाटे अंगठ्याएवढे जाड, टोकांत चार बोटं अंतर. सावलीत पंधरा दिवस वाळू दे. ओल्यावर बांधलंस तर लाकूड आकसून बांधणी सैल पडते. सायकलच्या ट्यूबच्या बोटभर रुंद, वीतभर लांब दोन पट्ट्या फळीवर ठेवून ब्लेडनं एका ओढीत काप. कात्रीनं कडेला बारीक खाच राहते. ताणल्यावर पट्टी नेमकी तिथंच तुटते आणि उलटून डोळ्यावर येते. एक पट्टी जरा लांब राहिली तरी नेम कायम एका अंगाला जातो. गोळी धरायचं चामडं जुन्या चपलेचं, मऊ. भोक कडेपासून अर्धं बोट आत, नाहीतर दोन दिवसांत फाटतं. गोळ्या मातीच्या, सावलीत वाळवलेल्या; उन्हात भेगाळतात. आणि नेम डब्यावर धरायला लाव, पाखरावर नको.

किल्ल्यावर धोंडे टाकणारं ते ग्रीक-रोमन यंत्र निराळंच. त्यात पिळलेल्या स्नायूंच्या, केसांच्या दोरांचा जोर, म्हणून पावसात ढिलं पडायचं. त्याला दगडफेकं यंत्र म्हण. विमानवाहू जहाजावर विमान उडवून देणाऱ्या यंत्राला मात्र कॅटापल्टच राहू दे. १९६१ च्या जुन्या विक्रांतवर तो वाफेवर चालायचा. कारवारच्या विक्रमादित्यवर नाहीच, तिथं डेकचं पुढचं टोक वर वळवलंय आणि विमान स्वतःच्या जोरावर सुटतं.

राहिलं ते इंग्रजी पेपरातलं, कुणी रातोरात 'कॅटापल्ट' झाल्याचं. तिथं सरळ 'एका रात्रीत नाव झालं' लिही. बेचकीनं उडवू नकोस बाबा कुणाला.

पट्ट्यांचं माप कागदावर आखून सोबत जोडलंय. चित्रकाराला तेच दे.

तुझा,
बाळू