आबांच्या पायासाठी पेठहून नाशिकला किती खेपा?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

भाताच्या लावणीत माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. नाशिकच्या दवाखान्यात जीव वाचला, बिलही योजनेत बसलं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’. कुठे, कोणाकडे, ते कोणी सांगितलं नाही.

घरी आबांचा पंजा लोंबायचा. चप्पल उंबऱ्याला अडकायची. दोनदा पडले. मग पंचवटीतल्या एका फिजिओताईंनी गुडघ्याखाली, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याजवळ पॅड चिकटवले आणि हलका करंट सोडला. पंजा वर आला! आबा म्हणाले, “आतून कोणीतरी दोरी ओढतंय.” इजा मेंदूत आहे, पायाची नस शाबूत आहे, असं ताईंनी समजावलं. मेंदूचा निरोप पोचत नाही, तो करंट पोचवतो. मात्र आबांनीही त्याच क्षणी पाय उचलायचा जोर लावायचा, नुसतं पडून करंट घ्यायचा नाही.

साहेब, यात नवं काही नाही. पाऊल टाकताना नेमका करंट देऊन लोंबणारा पंजा उचलायची ही युक्ती डॉ. लिबरसन यांनी १९६१ साली मांडली.

ताईंनी आठवड्यातून पाच दिवस यायला सांगितलं. आम्हाला एकच जमला. सावळघाटातून एसटी, दोघांचं भाडं, माझा रोज बुडाला तो वेगळाच. कापणीला तेही थांबलं. झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच सुधारणेला सगळ्यात मोलाचे असतात, आणि आमचे ते असे गेले. याचं मला फार वाईट वाटतं.

पेठ, सुरगाणा, कळवणच्या सरकारी रुग्णालयांत हा उपचार रोज मिळावा, एवढं मागणं आहे. नुसतं मशीन पाठवू नका. पेसमेकर असलेल्याला ते विचार न करता लावता येत नाही, बधिर कातडी भाजू शकते. शिकलेलं माणूस हवंच. फिजिओथेरपीच्या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर याच नाशकात, म्हसरूळला आहे. तिथून पेठ रस्ता जवळच आहे.

आबांचा पंजा अजून पूर्ण उचलत नाही. येत्या लावणीआधी आमच्या तालुक्यात फिजिओची नेमणूक झाली, तर त्यांना रोज घेऊन येईन.

आपला,
पेठ तालुक्यातला एक शेतकरी