अलीना पटली नाही, पुस्तक मात्र आवडलं

प्रिय मनू,

काल एकदाचं ली बार्डुगोचं 'शॅडो अँड बोन', ती जादूच्या जगातली कादंबरी, संपवलं. तू मागे फोनवर म्हणालीस ना, ती नायिका अलीना डोक्यात गेली म्हणून अर्ध्यात सोडलं, तर अलीनाबद्दल तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय, पण पुस्तक सोडायला नको होतंस असं फार वाटतंय म्हणून हे सगळं लिहितेय. शेवटही सांगणार आहे, चालेल ना?

अगं, सगळी गोष्ट तीच सांगते आणि तरी ती कोण आहे ते कळतच नाही. ग्रिशांचा, म्हणजे जादू येणाऱ्या लोकांचा, प्रमुख तो डार्कलिंग सांगतो ते खरं मानते, मग एका रात्री तिला शिकवणारी म्हातारी बाग्रा येऊन उलटं सांगते तर तेही खरं मानून लगेच पळून जाते. आणि सूर्यप्रकाश बोलावण्याची एवढी शक्ती, ती लहानपणापासून दाबून का ठेवली, तर मलपासून, तिच्या बालमित्रापासून, लांब जावं लागू नये म्हणून! बरं, तो मल तिच्याकडे धड बघतही नसतो. प्रस्तावनेत आणि शेवटच्या तुकड्यात लेखिका 'तो मुलगा, ती मुलगी' असं बाहेरून लिहिते, तिथे ती मला जास्त खरी वाटली.

पण तो फोल्ड! रावका देश मधोमध कापणारा अंधाराचा पट्टा. पलीकडे समुद्रकिनारा, अलीकडे राजधानी, उत्तरेला आणि दक्षिणेला शत्रू, त्यामुळे व्यापार करायचा तर जीव मुठीत धरून वाळूवरच्या नावेतून त्या अंधारातूनच जायचं. देश कंगाल का झाला, सैन्य का थकलंय, सगळं तिथून येतं. आणि त्यातले ते व्होल्क्रा, माणसं खाणारे पंखवाले राक्षस, आधी तिथेच राहणारी साधी माणसं होती हे कळतं ना, तिथे मी पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ नुसती बसले. एका माणसाच्या हावेपायी झालेलं हे, आणि तोच माणूस, डार्कलिंग, इतका गोड बोलतो की आपणही फसतो.

राजवाड्यातली तिची मैत्रीण जेन्या तर मला अलीनापेक्षा कितीतरी जवळची वाटली. लहानपणीच राणीला भेट म्हणून दिलेली, बाकी ग्रिशांसारखा रंगीत केफ्ता, म्हणजे त्यांचा तो लांब झगा, नाही, नोकरांचे पांढरे-सोनेरी कपडे, आणि राजाचा त्रास. ती अलीनाची पत्रं मलपर्यंत पोचूच देत नाही, तरी तिचा राग येत नाही, कारण तिच्यापुढे दुसरा रस्ताच नाही हे आपल्याला दिसत असतं. थोड्याच पानांत लेखिकेला हे जमलंय, मग नायिकेला एवढी पानं देऊन का नाही जमलं?

आणि आता शेवट. डार्कलिंग परदेशी पाहुण्यांना नावेवर घेऊन त्यांच्यादेखत फोल्डच्या काठावरचं नोवोक्रिबिर्स्क शहर अंधारात बुडवतो. अलीना त्याच्या ताब्यातून सुटते, पण प्रकाश फक्त स्वतःभोवती आणि मलभोवती ठेवून निघून जाते, नावेवरची बाकी सगळी माणसं व्होल्क्रांच्या तोंडी सोडून! मनू, पूर्ण पुस्तकात पहिल्यांदा ती मला तिथे पटली. भयंकर आहे ते, पण तो निर्णय तिचा आहे, कोणी येऊन कानात सांगितलेला नाही. असं तिने आधी कुठेतरी केलं असतं तर तूही पुस्तक सोडलं नसतंस.

तर परत घे हातात, मधलं राजवाड्यातलं ट्रेनिंग कंटाळा आला तर भराभर वाच, पण त्या जादुई हरणाच्या शोधापासून पुढे एकही पान सोडू नकोस. मी दुसरा भाग मागवलाय. तू तिथवर पोचलीस की लगेच फोन कर, नावेवरचा तो प्रसंग तुला कसा वाटतो ते मला ऐकायचंय.

तुझीच,
पिंकी