राईची उशी

कोपरी, ठाणे पूर्व
रविवार, रात्री

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवाचं तुझं फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. शिलाई मशीन झाकून ठेवलंय, बाबा झोपलेत. तू म्हणालास, "स्वतःच्या अनुभवातून काहीतरी डिझाइन करायला सांगितलंय आणि माझ्याकडे काहीच नाही गं. एकाच्या घरी तीन पिढ्यांचे माग आहेत, एकीचा गावाकडे जुना वाडा आहे. आपल्याकडे काय, चिंध्यांची पोती." रागाने म्हणाला असतास तर मी सोडून दिलं असतं. पण तुला खरंच तसं वाटतंय, हे आवाजावरून कळलं.

तर त्या पोत्यांबद्दलच सांगते. पलंगाखाली चार आहेत. त्यांतल्या एकात, अगदी तळाशी, तुझी लहानपणची उशी आहे. तिच्याकडे येते, पण त्याआधी मावशींच्या ब्लाउजचं सांगायला हवं. ते आधी घडलं, आणि त्याच्याशिवाय पुढचं मला जमलंच नसतं.

तू चौथीत असशील. चेंदणी कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या मावशी आठवतात ना? तुझ्यासाठी सुका जवळा पुडीत बांधून आणायच्या. त्यांचा ब्लाउज दर दोन महिन्यांनी बगलेत फाटायचा. नेहमी उजवीकडे, नेहमी त्याच जागी. मी आधी दोरा बदलला, मग दुहेरी शिलाई मारली, मग आतून पट्टी लावली. शिलाई टिकायची आणि शेजारचं कापड फाटायचं. मला वाटायचं, कापडच हलकं आणतात. एकदा पहाटे आजीला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेले होते, तर मावशी पुलाच्या जिन्यावरून उतरताना दिसल्या. डोक्यावर पाटी, आणि उजवा हात वर, पाटीच्या काठाला धरलेला. मी तिथेच थांबले. इतकी वर्षं मी बायकांची मापं घेत होते, ती सगळी हात खाली सोडायला लावून. मी शिवत होते तो उभ्या राहिलेल्या बाईचा ब्लाउज, आणि घालणारी बाई दिवसभर हात वर करून काम करत होती.

पुढच्या ब्लाउजला बगलेत चौबगला घातला. तीन बोटांचा चौकोन, उरेबात, म्हणजे तिरका कापलेला. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ओढलं तर अडून बसतं, तिरकं ओढलं की लगेच ताणलं जातं. हे तुला कॉलेजात शिकवलं असेल, पण तू पाच वर्षांचा असताना माझ्या पायाशी बसून उरेब पट्ट्या ताणायचास आणि "रबर, रबर" म्हणून ओरडायचास. तुझ्या बोटांना ते केव्हापासून ठाऊक आहे. चौबगला काही मी शोधून काढला नाही, जुन्या अंगरख्यांना तो असायचाच. पण इथे तो हवा, हे मला त्या जिन्यावर कळलं. तेव्हापासून माप घेताना मी प्रत्येकीला विचारते, काम काय करता? शाळेत शिकवत असतील तर फळ्यावर लिहितात तसा हात वर करायला लावते आणि तसंच माप घेते.

तू अकरावीत असताना, २०१९ च्या डिसेंबरात, मला मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात घेऊन गेला होतास. सुधीर पटवर्धनांची चित्रं होती. हा माणूस आपल्या ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट होता. दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे बघायचे आणि मग चित्रात त्याच लोकांना काढायचं, रस्त्यावरच्या, गाडीतल्या, कामावरून परतणाऱ्या. आपल्या ठाण्यातलं पोखरणही त्यांनी चित्रात आणलंय. तू रंगांबद्दल बोलत होतास आणि मी खांदे बघत होते. कुठला खांदा पिशवीने उतरलाय, कुठली पाठ वाकून वाकून तशीच राहिलीय, सगळं बरोबर होतं. त्या मापाचा ब्लाउज मी डोळे मिटून बेतला असता. घरी येताना मला फार आनंद झाला होता, तेव्हा तुला नीट सांगता आलं नाही.

तुझ्या मित्राच्या तीन पिढ्यांच्या मागाचं मलाही कौतुक आहे. असा वारसा मोठाच असतो. पण वारसा असला तरी त्यात आपला दिवस घालावा लागतो. वारली चित्रं बघ. लग्नघरात सवाशिणींनी भिंतीवर देवचौक लिहायचा, तांदळाच्या पिठाने, अशी ती रीत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न बघता रोज काढू लागले. शेत काढलं, माणसं काढली, मासळीचं जाळं काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ पर्यंत ते गाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पीठ, गेरू आणि बांबूची काडी, यातलं काहीच लांबून आणलेलं नव्हतं.

आता उशी.

तू झालास तेव्हा आजीने राईची उशी करायला लावली. बाळाचं डोकं गोल यावं म्हणून आपल्याकडे करतातच. जुन्या मलमलची पिशवी, आत बारीक मोहरी. डोकं ठेवलं की दाणे सरकतात, खळगा होतो आणि डोकं त्यात बसतं. रात्री तुला पाजताना ती माझ्या हाताखाली असायची. दाण्यांचा तो सळसळ आवाज, गारवा, हाताला लागणारं वजन. यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तू सातवीत असताना एक ताई माझ्याकडे आल्या. नाव लिहीत नाही. स्तनाच्या कॅन्सरमुळे त्यांचं एका बाजूचं ऑपरेशन झालं होतं, जखम भरून वर्ष झालं होतं. पुतणीच्या लग्नासाठी ब्लाउज हवा होता. म्हणाल्या, "दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, एवढंच." मी नाही म्हटलं. मला जमणार नाही म्हणाले. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्या "बरं" म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. त्या "बरं"ने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि कापड मागून आणलं.

आधी कापसाची गादी करून पाहिली. दिसायला ठीक, पण तिला वजनच नव्हतं. ताईंनी हात हलवला की ती वर सरकायची आणि त्या पुन्हा पुन्हा पदर सारखा करायच्या. मग तांदूळ भरले. वजन आलं, पण दाण्यांची टोकं लागायची, आणि ती कातडी किती नाजूक असते ते त्यांनी मला दाखवलं. मी हरलेच होते. मलमलचा एखादा तुकडा मिळतो का म्हणून पोतं उपसत होते, तर तुझी उशी हाताला लागली. उचलली, आणि ती तळहातावर अशी बसली की मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

मग काम भराभर झालं. दुहेरी मलमल, उरेबात कापलेली, म्हणजे चुण्या न पडता गोलाई येते. मोहरी किती भरायची ते मात्र मला ठरवता येईना. मी पिशवी ताईंच्या तळहातावर ठेवली आणि चमच्याने भरत गेले. "अजून," त्या म्हणाल्या. "अजून थोडी." मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एवढंच होतं." दीड मूठ मोहरी झाली. अस्तराला आतून खिसा शिवला, बाजूने उघडा, म्हणजे धुताना पिशवी काढून ठेवता येते. पुढे त्यांनी तयार सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेतला. तोच चांगला, धुता येतो, टिकतो. पण त्या लग्नात त्या दिवसभर उभ्या होत्या आणि एकदाही त्यांनी पदर सारखा केला नाही. मी जेवणाच्या पंगतीतून बघत होते.

तुम्ही मुलं प्रेरणा म्हणता. त्या दिवशी माझ्या बाबतीत जे झालं त्याला मी आठवणं म्हणेन. हाताला आठवलं. बारा वर्षं ते हातात पडून होतं आणि गरज लागल्यावर वर आलं.

तू फोनमध्ये आठशे फोटो जमवलेत म्हणालास. सुंदरच असतील. पण त्या प्रत्येकात कुणीतरी आधीच बघून घेतलंय, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवून टाकलंय. त्यातून तुला रंग मिळतील, आकार मिळतील. वजन मिळणार नाही. ते काही दिवस बाजूला ठेव, आणि एका वहीत रोज एकच गोष्ट लिही, जिच्यापाशी तू थबकलास अशी. छान होती, असं लिहू नको. कशाने बनलेली, केवढी, कोण ती कशी धरत होतं, कुठे झिजली होती, ते लिही. चित्र काढलंस तर उत्तमच.

मी तेच करत आलेय, फक्त त्याला मापवही म्हणते. छाती, कंबर, मुंढा, आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात: "डावा खांदा अर्धा इंच खाली, पर्समुळे." "बोटं वाकत नाहीत, हूक नको, मोठी टिचबटणं, पुढून." "मानेवर भाजल्याची खूण, मागचा गळा वर घे, विचारू नको." तू शाळेत असताना या वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढायचास, त्याही आहेत. एक वही तुला पाठवतेय. नावांवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्या उचलून बघायच्या नाहीत. या बायकांनी मला अंगाचं माप दिलं ते विश्वासाने. तुला कुणाचं काही वापरायचं असेल तर आधी विचारायचं, आणि नाही म्हणाले तर सोडून द्यायचं, कितीही चांगलं सुचलेलं असलं तरी.

ताईंना मी आज संध्याकाळी फोन केला, तुला हे सगळं सांगू का म्हणून. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सांग की. आणि त्याला म्हणावं, मोहरी बारीक घे, मोठी टोचते." तरीही लक्षात ठेव, त्यांनी सोसलं ते तुझं नाही, त्यावर तू प्रोजेक्ट करू नयेस असंच मला वाटतं. उशी मात्र तुझी आहे. उरेबाच्या पट्ट्याही तुझ्या, आणि माझ्या मशीनखालून जेवढ्या बायकांची पावलं तू बघितलीस ती सगळी तुझी. कोण टाचेवर जोर देऊन उभं राहायचं, कोणाची चप्पल कुठे झिजलेली असायची, हे तू मला न बघता सांगायचास. विसरलास का?

उशी पोत्यातून काढून ठेवली आहे. एका कोपऱ्याला उसवलीय आणि दोन-चार दाणे बाहेर येतात. शिवून पाठवू की तशीच हवी? मंगळवारी कुरिअरला द्यायचीय, त्याआधी फोन कर. रात्री नऊनंतर कर, तेव्हा मशीन बंद असतं.

तुझी,
आई