आधी व्होल्ट मोजा, मग बॅटरी बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी चालू होईना की ठाणे-नवी मुंबईत एकच निदान ऐकू येते : 'थंडीने बॅटरी बसली, नवी टाका.' आपल्याकडची थंडी ती केवढी! शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, पण सोळा-सतरा अंशांना फारसा फरक पडत नाही. बॅटरीचा खरा जीव घेतो तो मे महिना. उष्णतेने आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडते. त्यात घोडबंदर रोडवर एसी आणि दिवे लावून तासभर रांगायचे म्हणजे चार्जिंगही पुरत नाही. हिवाळ्यात इंजिन ऑइल जरा घट्ट होते, स्टार्टरला जोर जास्त लागतो आणि उन्हाळ्यातले दुखणे तेव्हा बाहेर पडते.

खिशात हात घालण्याआधी गाडीचा आवाज ऐका. चावी फिरवल्यावर 'टकटकटक' झाले आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग पाहा. दिवे लख्ख आणि एकच 'टक्', तर संशय स्टार्टरच्या सोलेनॉइडवर, म्हणजे स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या स्विचवर. स्टार्टर नेहमीच्या जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बॅटरीचा काही दोष नसतो. घोडे इंधनात किंवा स्पार्कमध्ये अडलेले असते.

बॅटरीवर संशय असेल तर स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत, बॉनेट उघडून, १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर आधी चार्ज करून पुन्हा तपासा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. पूर्ण भरूनही आकडा तसाच कोसळला तरच ती बाद. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. नव्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा पाच-दहा मिनिटे पाहूनच अल्टरनेटरला, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, दोष द्या.

ऐरोली, वाशी, नेरूळ या खाडीकाठच्या भागात टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी लवकर धरते. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून स्टार्टर मारा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर वीज वाटेतच अडते आहे. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडे करून पॉझिटिव्ह आधी जोडा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या अर्थिंगच्या पट्ट्याही पाहा. त्यांच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी असते आणि डॅशकॅम चोवीस तास जोडलेला? ३०० मिलिअँपिअरने दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. सगळे बंद केल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते.

आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर, आणि त्यांचे दुखणे वेगळे. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होऊन इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. मालक मात्र पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतो. महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधला सहज पेट घेणारा हलका अंश उडून जातो, इथेनॉल ओलावा ओढते, न वापरलेले इंजेक्टर चिकटतात आणि पेट्रोलमध्ये बुडून गार राहणारा पंप तापतो. टाकी पाव तरी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लगही सीएनजीवर आधी उघडा पडतो. प्लगच्या टोकांमधली फट (गॅप) मॅन्युअलमध्ये दिलेलीच ठेवा.

स्टार्टर फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर स्टार्टर न मारता चावी 'ऑन' करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असे दोन-तीनदा करून मग चालू करा. आता पटकन चालू झाली, तर रात्रीतून इंधनाचा दाब उतरतो आहे. पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर तपासून घ्या. तसे झाले नाही तर कूलंटचा तापमान सेन्सर पाहा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध दोन ते तीन किलो-ओहम असतो. तो 'इंजिन गरम आहे' असे खोटे सांगत असेल तर गार इंजिनाला पेट्रोल कमी मिळते.

डिझेलवाल्यांनी पिवळे कॉइल चिन्ह विझेपर्यंत थांबावे. गार इंजिनात हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगची वायर काढून मोजल्यास साधारण एक ओहमच्या आसपास रोध मिळतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग जळालेला. मात्र डिझेल गाडी ठाण्याच्या हवेत चालू होताना अडली तर मी आधी फिल्टर आणि पाइपात शिरणारी हवा बघेन. ग्लो प्लगची खरी परीक्षा महाबळेश्वरला.

कोणतीही गाडी असो, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना काळ्या वायरचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

बॅटरी विक्रेत्यांना एकच सुचवावेसे वाटते. जुनी काढण्यापूर्वी तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत : गाडी उभी असताना, स्टार्टर मारताना आणि इंजिन चालू असताना. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ग्राहकानेही ते आकडे मागून घ्यावेत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)